नावाच्या जागी रेघ

कर्जतच्या बाजारपेठेत माझं टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, सातबाराचे अर्ज, बारशाच्या पत्रिका, सगळंच करतो. पण आसपासच्या कॉलेजांत मला 'प्रबंधवाला' म्हणतात. सुई न टोचणारे डॉक्टर ज्यांना व्हायचं असतं, ती माणसं खोपोलीपासून बदलापूरपर्यंतची माझ्याकडे येतात. पाच-पाच वर्षं राबून लिहिलेलं घेऊन येतात आणि शेवटच्या आठवड्यात त्यांना कळतं की डावीकडे बांधणीसाठी जास्तीचा समास सोडायचा असतो, आणि संदर्भसूची नावाचा एक प्रकार असतो ज्यात स्वल्पविरामालाही मान असतो.

मला या कामाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला मी, पण मोठेमोठे सर माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसायचे आणि मी त्यांना विचारायचो, "प्रकाशनाचं वर्ष कुठाय, सर? पान नंबर कोण देणार, मी?" कुणी दुसऱ्याचे परिच्छेदच्या परिच्छेद उचलून आणले की मला वास यायचा. "घ्यायला लाज वाटत नाही, मग कुणाचं घेतलं ते सांगायला कशी वाटते?" असं मी तोंडावर म्हणायचो. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

आमचं घर मूळचं खालापूर तालुक्यातलं, चौकजवळच्या एका गावातलं. आजोबांनी धम्म स्वीकारला, त्यानंतर घरात पुस्तकं आली. वडील प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं पुरतं लिहायचे. मी एकदा हसलो होतो. "घरात वाचणारे तुम्ही एकटेच, नाव कशाला घालता?" ते म्हणाले, "आपली नावं दुसऱ्यांनी कशी लिहून ठेवली होती ते तू वाचलेलं नाहीस." इतकं ऐकून वाढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं, म्हणून हे सांगितलं.

तीनेक वर्षांपूर्वी एक मॅडम माझ्याकडे आल्या. शेलूच्या नव्या बिल्डिंगीत राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, बोलायला मऊ पण हट्टी. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाकूरवाडीत जाऊन त्या रानातल्या खाण्याबद्दल बायकांशी बोलत होत्या. शेवळं, कवळा, भारंगी, कंद; कोणतं कधी मिळतं, कसं शिजवतात, कशानं खाज येते आणि कशानं जाते. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आणि मला टाइप करायला द्यायच्या. अकरा बायका, अकरा फाइली. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते.

आठवडेच्या आठवडे मी कानात त्या बायका घेऊन बसलो. पाच नंबरवाली शेवळांबद्दल बोलायची, घाईघाईनं, जणू चुलीवर काही ठेवून आली आहे. "काकडं नाय टाकलीस तं घसा धरंल, मंग मला शिव्या देऊ नको," असं त्या खाज मारणाऱ्या आंबट रानफळांबद्दल मॅडमना बजावायची. पण माझा जीव जडला तो नऊ नंबरच्या आवाजावर. सावकाश बोलणारी, मधे खोकणारी, स्वतःच्याच बोलण्यावर हसणारी. ती कडूकंदाचं सांगत होती.

"तसाच खाल्ला तं मानूस मरंल. चकत्या करायच्या, राख लावून उकडायच्या, मंग टोपल्यात घालून वाहत्या पान्यात ठेवायच्या. सकाळी एक खाऊन बघायची. जीभ चुरचुरली तं परत पान्यात."

मॅडमनी विचारलं, "पहिली चकती कोण खातं?"

"मी. पोरांना कशी देऊ?"

ती फाइल मी गरज नसताना तीनदा ऐकली. शेवटाकडे मॅडम उठायला लागल्या असाव्यात, भांड्याचा आवाज येतो, आणि ती म्हणते, "बाय, तू माजं नाव लिवशील ना गं? मागं शेरातली मानसं आलती. समदं इचारून गेली, पुस्तक काडलं. त्यात माजं हात हायेत, भाजी धरल्यालं. तोंड नाय, नाव नाय. बांगड्यांवरनं पोरीनं वळखलं." मॅडम म्हणतात, "लिहीन मावशी, नक्की लिहीन." त्यावर ती: "सही येती मला. अंगठा नाय लावत मी."

मॅडमनी दिलेला शब्द पाळण्यासाठी खरंच रक्त आटवलं. अशा लेखांत माहिती सांगणाऱ्यांची नावं सहसा देत नाहीत. 'माहितीदाता क्रमांक अमुक' असं लिहून मोकळे होतात. पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव सूचीत, आणि पुस्तकात नसलेलं सांगणारीला नुसता आकडा. मॅडमनी पुन्हा वाडीत जाऊन प्रत्येकीची संमती घेतली, ज्या नियतकालिकात लेख यायचा होता त्याच्या संपादकांशी पत्रापत्री केली, आणि शेवटी त्यांनी मान्य केलं की संदर्भसूचीत पुस्तकांच्या खाली 'मुलाखती' असा भाग करून अकरा जणींची नावं तारखेसह छापू. ते पत्र दाखवायला त्या मुद्दाम दुकानात आल्या होत्या. मी दोन चहा मागवले होते.

आता माझी करणी सांगतो.

नियतकालिकाची नियमावली नऊ पानांची होती. त्यात आधी आडनाव, मग नाव, आणि मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर घ्यायचं होतं. अशा याद्या मी डोळे मिटून करतो. मॅडमनी दिलेल्या यादीतली नवऱ्यांची नावं मी छाटली, एकेक अक्षर ठेवलं. मग अकारविल्हे लावलं. लहानशी वाडी, आडनावं तीच ती. त्यात दोन नोंदी एकाखाली एक आल्या: तेच आडनाव, तेच नाव, मधलं अक्षरही तेच. तारखा तेवढ्या वेगळ्या, महिन्याभराच्या अंतरानं. मला वाटलं, मॅडम एकाच बाईकडे दोनदा गेल्या असणार.

सूचीचा जुना नियम आहे. एकाच व्यक्तीची नोंद लागोपाठ दोनदा आली की दुसऱ्यांदा नाव लिहायचं नाही; त्या जागी लांब रेघ द्यायची. रेघ म्हणजे 'वरचीच व्यक्ती'. सोळा वर्षं मी अशा रेघा मारत होतो. नाव निवडलं, पुसलं, रेघ दिली. हाताला कळलं, डोक्याला विचारायची गरजही पडली नाही. ओळी मोजल्या, अकरा भरल्या. सूची नीटनेटकी दिसली म्हणून मी मागे रेलून बघितल्याचंही मला आठवतं.

मी त्या दोघींचे आवाज ओळखत होतो. एक घाईची, एक सावकाश. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं की या दोन वेगळ्या बायका आहेत. पण आवाज आकड्यांना चिकटलेले होते आणि नावं मॅडमच्या यादीत होती, आणि दोन्हींची गाठ मी कधी घातलीच नाही. त्या दिवसांत मॅडमना परीक्षेचं काम लागलं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं, "तुमचं काम आहे म्हणजे बघायला नको. पाठवून द्या." मी पाठवून दिलं.

अंक यायला सात महिने लागले. मधल्या काळात कडूकंदवाली आजारी पडली. पोटात काहीतरी होतं. मोठ्या दवाखान्यातून तिला घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते वाडीत सगळ्यांना समजलं होतं. मॅडम दर आठवड्याला संपादकांना फोन करत होत्या. "त्यांनी बघायला हवा हो अंक," एवढंच म्हणायच्या. अंकाची पाकिटं आली त्याच दिवशी, न उघडताच, त्या थेट माझ्या दुकानात आल्या. मी शटर ओढलं आणि त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून वाडीकडे निघालो. मला तो आवाज बघायचा होता.

मी कल्पना केली होती त्यापेक्षा ती खूप लहानखुरी होती. ओटीवर खाटेत बसवलेली, पाठीला गोधडीची वळकटी. मुलगी शेजारी उभी. बारावी झालेली, एका फार्महाऊसवर कामाला जाणारी. पायाशी दुसरी एक बाई भारंगीची पानं निवडत बसली होती. आम्ही टेकतो न टेकतो तोच ती म्हणाली, "पानी प्या आदी," आणि मी ओळखलं, ही पाच नंबर. शेवळांची.

मुलीनं हसून ओळख करून दिली. "दोघींचं नाव एकच हाय. आडनाव बी. म्हणून ही वरच्या घरची, आमची खालच्या घरची. वाडीत वरची आन् खालची म्हंतात."

मला तिथेच समजलं. पाण्याचा तांब्या हातात होता, तो मी तसाच धरून राहिलो. मॅडम पाकीट फाडत होत्या आणि मला त्यांना थांबवायचं होतं, पण काय सांगून थांबवणार?

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

"कुटं हाय?" खालची म्हणाली आणि अंक स्वतःच ओढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती, त्यामुळे नाव आणि आडनाव तिला आकारानं ठाऊक होतं. बोट ओळीओळीनं उतरत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. ती खूश झाली. "उलटं लिवलंय रं! आडनाव आदी." मग तिनं मुलीला विचारलं, "हे तिचं का माजं?"

मुलीनं तारीख वाचली. "हे काकींचं."

"मंग माजं खाली आसंल." बोट एक ओळ खाली आलं. रेघेवर आलं आणि तिथे पुढेमागे फिरलं, अक्षर सापडतंय का बघत. "हितं काय लिवलंय?"

मुलगी वाकून बघत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी मीच तोंड उघडलं. सवयीनं नियम सांगितला, जसा सरांना सांगतो तसा. "मावशी, सूचीची पद्धत असते. वरचं नाव परत आलं की खाली रेघ देतात. रेघ म्हणजे तीच बाई."

"तीच म्हंजी कोन?"

"म्हंजी मी," वरची म्हणाली. तिच्या मांडीवरची पानं खाली पडली.

खालचीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, समजावून सांगावं तसं म्हणाली, "दोगी हाव आमी."

सोळा वर्षांत कुणी मला संदर्भाबद्दल इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. त्या दोन शब्दांपुढे नऊ पानी नियमावली कागदाची होडी करायच्या लायकीची नव्हती.

वरचीला राहवेना. "आगं, मंग हे माजं तू घे. तेच तं हाय नाव. मला काय करायचंय? हे तुजंच म्हन."

"तुजं कसं घेऊ? शेवळाचं तू सांगितलंस. कंदाचं मी सांगितलं. त्या नावावं शेवळाचं बोलनं हाय, कंदाचं नाय."

माझ्याकडे येणाऱ्या किती सरांना एवढं कळलं असतं? ज्याचं त्याच्या नावावर जायला हवं, मिळतंय म्हणून दुसऱ्याचं घ्यायचं नाही, हे ती मरणाच्या दारात बसून सांगत होती, आणि तेही दोन ओळींतलं एक नाव फुकट मिळत असताना. आणि तिच्या नावावर बोळा फिरवणारा मी, समोर पाणी पीत होतो.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, चूक माझी आहे. मी तपासायला पाहिजे होतं. मी ते दुरुस्त करून घेते, पुढच्या अंकात छापायला लावते."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की नाही, ही रेघ मी मारली. वाक्य तोंडात तयार होतं. मुलगी मॅडमकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला माझ्याकडे वळवून घ्यायला हवी होती. मी गप्प राहिलो. भीती कसली होती हे आजही मला नीट सांगता येत नाही. दुकानाची असेल, नावाची असेल. दुसऱ्याचं नाव पुसताना हात कचरला नाही आणि स्वतःचं वाचवताना जीभ टाळ्याला चिकटली. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते.

"फुडच्या अंकात," खालची म्हणाली. "बरं." मग तिनं अंक मिटला, मुलीकडे दिला आणि म्हणाली, "ठेव नीट. हिचं नाव हाय त्यात." वरची पदरात तोंड घालून रडायला लागली. आम्ही निघताना ती आजारी बाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

अकरा दिवसांनी ती गेली.

मॅडमनी संपादकांना त्याच संध्याकाळी लिहिलं होतं. त्यांनी दिलगिरी कळवली आणि शुद्धिपत्र छापायचं कबूल केलं. ते आलं पुढच्या अंकात, पाच महिन्यांनी, आतल्या शेवटच्या पानावर चौकटीत. तिचं नाव, तारीख, सगळं बरोबर. मॅडमनी माझ्या टेबलावर तो अंक त्या पानाशी उघडून ठेवला. त्यांनी मला आजवर एका शब्दानं बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. अजूनही त्यांचं काम माझ्याकडेच येतं; फक्त आता त्या प्रत्येक पान स्वतः वाचतात, बोट ठेवून, आणि मी तोवर बाहेर जाऊन उभा राहतो.

हे लिहिताना मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. बाकीच्यांचं सोडा, तिचं तरी घ्यावं असं फार वाटलं. पण तिनं ते मॅडमना दिलं होतं, एका कामासाठी, कंदाबद्दल जे सांगितलं त्यासाठी. मला दिलं नव्हतं.

शुद्धिपत्र यायच्या कितीतरी आधी, ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी, एका दुपारी तिची मुलगी माझ्या दुकानात आली. कामावरून तशीच आली असावी, खांद्याला डब्याची पिशवी होती. मी उभा राहिलो. ती म्हणाली, "बसा ना. अर्ज लिवायचाय. आईच्या दाखल्याचा. ग्रामपंचायतीत टाइप करून मागितलाय."

मी संगणकासमोर बसलो. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज माझ्याकडे तयारच असतो, गाळलेल्या जागा भरायच्या एवढंच. मयताचे संपूर्ण नाव, अशी पहिलीच ओळ आहे.

"बाबांचं नाव पुरं लिवा," ती म्हणाली. "नुसतं अक्षर नको. वरच्या काकी जित्या हायेत. कागद त्यांच्यावं जायला नको."

मी तिच्या आईचं नाव टाइप केलं. मग नवऱ्याचं, पूर्ण. मग आडनाव. तिचा आवाज मी इतके दिवस कानात घेऊन बसलो होतो, तिचा शब्दन् शब्द माझ्या बोटांखालून गेला होता, पण तिचं अख्खं नाव मी टाइप केलं ते या अर्जात, पहिल्यांदाच. अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून मी डोळे पुसले. मुलीला वाटलं असावं, चांगला माणूस आहे.

छापलेला कागद तिनं दोन्ही हातांत धरला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. परत एकदा वाचली. मग खाली सही केली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "ह्ये काम मॅडम करून देनार होत्या. पन मी म्हनलं, नको. एकदा त्यांनी आईचं नाव घालवलं. तुमीच लिवा, तुमचं चुकत नाय."

मी तिला पिशवीत कागद दुमडू नये म्हणून एक प्लास्टिकचं फोल्डर दिलं. ती "येते दादा," म्हणाली आणि गेली.